शिशाचे शिपाई जमवताना: पहिल्या फिगरपासून पहिल्या कपाटापर्यंत

हाताने रंगवलेल्या सैनिकी फिगर जमवायला लागलेला माणूस पहिल्या वर्षात बहुधा दिसेल ते घेतो. नेपोलियनचा एक ग्रेनेडिअर, एक रोमन, दुसऱ्या महायुद्धातला एक पॅराट्रूपर. तिन्ही चांगल्या असतात, पण शेजारी उभ्या केल्या की एक गुडघ्याएवढी, दुसरीची टोपी तिसरीच्या छातीशी. वर्षाअखेरीस कपाट भरतं, संग्रह मात्र झालेला नसतो. म्हणून खरेदीआधी दोन गोष्टी ठरवून कागदावर लिहा: माप आणि विषय.

पायरी 1: एकच माप धरा

या छंदातलं सर्वांत रुळलेलं माप 54 मिलिमीटर. उभ्या सैनिकाची ही उंची साधारण 1/32 प्रमाणात बसते. काही कंपन्या तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, काही डोक्याच्या टोकापर्यंत, त्यामुळे दोन्ही डब्यांवर 54 लिहिलेलं असूनही फिगरमध्ये चार-पाच मिलिमीटरचा फरक पडू शकतो. 1/30 प्रमाणाच्या फिगर साधारण 60 मिलिमीटरच्या असतात. आजच्या मॅट रंगातल्या तयार फिगर बऱ्याचदा याच मापाच्या. 54 आणि 60 एका फळीवर खटकतात, वेगळ्या फळ्यांवर चालतात. 28 मिलिमीटर हे वॉरगेम खेळणाऱ्यांचं माप, 75 आणि 90 ही एकेकटी फिगर रंगवणाऱ्यांची. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग परंपरेच्या सपाट कथलाच्या फिगर 30 मिलिमीटरच्या असतात. ते वेगळंच जग आहे आणि सुरुवातीला तिकडे न गेलेलं बरं.

नवख्याने 54 घ्यावं. जुना माल, नवा माल, पुस्तकं, सुटे हात, डबे, सगळं या मापात सर्वांत जास्त मिळतं. खरेदी करताना विक्रेत्याकडून फिगरशेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा, आणि तळपट्टी (फिगर जिच्यावर उभी असते ती बैठक) धरून किती व सोडून किती हे विचारा. तळपट्टीची जाडी एक ते चार मिलिमीटर काहीही असू शकते.

पायरी 2: विषय अरुंद करा

‘नेपोलियनची युद्धं’ हा विषय नव्हे, तो आयुष्यभराचा खर्च आहे. ‘वॉटर्लू, 18 जून 1815, ब्रिटिश पायदळ’ हा विषय. तोही मोठा वाटला तर एक ब्रिगेड धरा. उदाहरणार्थ हॅल्केटची ब्रिगेड: 30, 33, 69 आणि 73 या चार रेजिमेंट. चौघांचे कोट लाल, पण कॉलर आणि मनगटपट्टीचे रंग वेगळे: 30 ची फिकट पिवळी, 33 ची लाल, 69 ची फिकट हिरवी, 73 ची गडद हिरवी. प्रत्येकी दोन-तीन सैनिक, एक अधिकारी आणि एक ढोलवाला घेतला की सोळा ते वीस फिगरमध्ये एक फळी पुरी होते, आणि पाहणाऱ्याला ती का मांडली हे न सांगता कळतं.

विषय अरुंद असला की चुका पकडता येतात. वॉटर्लूच्या ब्रिटिश लाइन (म्हणजे नेहमीच्या) पायदळाने 1812 च्या नमुन्याची शाको, म्हणजे ताठ उंच सैनिकी टोपी, घातली होती, पुढची बाजू उंच उभी असलेली. हलक्या पायदळाने जुनी, नळकांड्यासारखी शाको ठेवली होती. मोहिमेतली पँट राखाडी होती, पण खेळण्याच्या धाटणीच्या फिगरमध्ये ती सर्रास पांढरीशुभ्र रंगवतात. फ्रेंच बाजूला 1812 च्या नियमावलीनंतरचा कोट कमरेपर्यंत बंद असतो. पोटावर उघडा, आतून पांढरं जाकीट दिसणारा कोट आणि डोक्यावर दुटोकी टोपी असेल, तर डब्यावर ‘वॉटर्लू’ लिहिलेलं असलं तरी तो शिपाई दहा वर्षं आधीचा आहे. ओल्ड गार्ड, म्हणजे नेपोलियनचं निवडक जुनं रक्षकदल, त्या दिवशी बहुतांशी निळ्या ओव्हरकोटात लढला. पांढरे लॅपल आणि लाल तुरे लावलेली फिगर सुंदर दिसते, पण ती परेडची.

मराठी वाचकाला जवळचा विषय हवा असेल तर मेसोपोटेमिया (आजचा इराक), 1914 ते 1916. ब्रिटिश भारतीय फौजेच्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात त्या अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. बाजारात ‘भारतीय पायदळ, पहिलं महायुद्ध’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच फिगर दाढीच्या आणि शीख पद्धतीचा फेटा बांधलेल्या असतात. त्या शीख पलटणीच्या म्हणून बरोबर आहेत, 117 मराठा म्हणून नाहीत. फेटा बांधायची पद्धत पलटणीप्रमाणे आणि त्यातल्या जातगटाप्रमाणे बदलत असे. म्हणून पाटी न पाहता डोकं पाहा. आणखी मागे, पानिपत 1761 किंवा असईची लढाई 1803 असा विषय धरलात, तर 54 मध्ये तयार रंगवलेला माल शोधत बसावं लागेल. तिथे 28 कडे वळणं किंवा न रंगवलेली फिगर घेऊन रंगवून घेणं व्यवहार्य ठरतं.

पायरी 3: कशाची बनली आहे ते ओळखा

1893 मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने (संग्राहकांच्या बोलीत ‘ब्रिटन्स’) पोकळ ओतकामाचे सैनिक बाजारात आणले. शिसं, कथील आणि अँटिमनीचा वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतायचा, बाहेरचा थर गोठला की साचा उलटा करून आतला रस काढून घ्यायचा. धातू कमी लागला, भाव उतरला, आणि भरीव सैनिक बनवणाऱ्या जर्मन कारखानदारांना जोरदार स्पर्धा मिळाली. पोकळ फिगरला रस बाहेर पडायचं एक बारीक भोक असतं, बहुधा डोक्यात किंवा तळाशी. 1966 मध्ये ब्रिटनमध्ये शिशाच्या खेळण्यांवर बंदी आली आणि हे उत्पादन संपलं. पॅरिसची मिन्यो आणि ड्रेस्डेनची हायडे ही भरीव शिशाची नावं. जर्मन एलास्टोलिन आणि लिनेओल यांच्या जुन्या फिगर लाकडाचा भुसा आणि सरसाच्या लगद्याच्या, आत लोखंडी तार. आजच्या संग्राह्य फिगर बहुतेक कथलाच्या मिश्रधातूच्या किंवा रेझिनच्या.

रंगाच्या दोन शाळा आहेत. चकचकीत एनॅमल म्हणजे जुनी खेळण्याची धाटणी: सपाट रंग, गुलाबी गाल, डोळ्याच्या जागी ठिपका. मॅट म्हणजे आधुनिक धाटणी: सावल्या, चिखल, दाढीची खुंटं. दोन्ही चांगल्या, पण एका फळीवर मिसळू नका.

पायरी 4: घेण्याआधी तपासा

लागणारं सामान थोडं आहे: दहापट भिंग, तिरपा प्रकाश देणारा टॉर्च, 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च आणि अर्ध्या ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा.

आधी फिगर उलटी करा. तळ सर्वांत कमी खोटं बोलतो. ब्रिटन्सच्या अगदी सुरुवातीच्या फिगरवर कागदी लेबल चिकटवलेलं असे, नंतर अक्षरं धातूतच उमटवली जाऊ लागली. तिथे कोरलेली तारीख त्या नमुन्याच्या हक्कनोंदणीची असते, ओतल्याची नव्हे. तळावर 1901 दिसलं म्हणून फिगर 1901 ची होत नाही, ती तीस वर्षांनी ओतलेली असू शकते. अक्षरं बोथट, साबणासारखी गुळगुळीत दिसली तर मूळ फिगरचा साचा घेऊन पुन्हा ओतल्याचा संशय घ्या. अशी नक्कल मूळ फिगरपेक्षा किंचित लहान असते, कारण धातू थंड होताना आकसतो. बहुतेक वेळा ती भरीवही असते. काट्यावर पोकळ फिगरपेक्षा वजन ठळक जास्त आलं आणि भोक कुठेच नसलं, की विषय संपला.

मग मान. पोकळ फिगर पडली की आधी मान तुटते, आणि घरोघरी ती काडेपेटीची काडी आत घालून बसवली जात असे. मानेभोवती बारीक रेघ किंवा कॉलरवर जाड रंगाचा थर दिसला की डोकं बोटाने हलकेच हलवून पाहा, विक्रेत्याच्या परवानगीने. फिरणारे हात असतील तर दोन्ही हातांचा रंग खांद्याच्या रंगाशी जुळवा. हात सहज बदलता येतात, त्यामुळे बंदूक धरलेल्या पलटणीत एखादा बिगूलवाल्याचा हात निघतो.

त्यानंतर रंग. अंधारात अतिनील टॉर्च मारला की नंतर लावलेला रंग आणि वार्निश शेजारच्या जुन्या रंगापेक्षा वेगळं चमकतं. ठिगळ कुठे आहे ते नकाशासारखं दिसतं. जुन्या फिगरवर ठिगळ असणं गुन्हा नाही, न सांगणं गुन्हा आहे. पूर्ण पुन्हा रंगवलेली जुनी फिगर, रंगकाम कितीही सुंदर असो, मूळ रंगाच्या घासलेल्या फिगरपेक्षा स्वस्त मिळायला हवी.

नव्या मालात प्रश्न वेगळा. ‘हाताने रंगवलेली’ याचा अर्थ एका कारागिराने रंगवलेली असा नाही. बऱ्याचदा कारखान्यात एक जण फक्त पट्टे, दुसरा फक्त बूट असं काम चालतं. काही ठिकाणी डोळे आणि बिल्ले ठशाने छापतात. त्याच नमुन्याच्या दोन फिगर शेजारी धरा. बुबुळं केसभरही न हलता एकसारखी असतील तर ती छापील. मग भिंगाखाली तीन जागा पाहा: छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांची कड, हनुवटीखालचा शाकोचा पट्टा, आणि पाठीवरच्या काडतूसपेटीची खालची बाजू. पहिल्या दोन जागा कुशल हात दाखवतात, तिसरी प्रामाणिकपणा. काडतूसपेटीखाली नुसता प्रायमर (रंगाआधीचा पायाथर) दिसला तर बाकी कामही घाईचं असणार.

डबाही वाचा. ब्रिटन्सच्या नेहमीच्या डब्यात पायदळ असेल तर आठ, घोडदळ असेल तर पाच फिगर. 66 क्रमांकाचा संच फर्स्ट बॉम्बे लान्सर्सचा आणि 68 क्रमांकाचा सेकंड बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचा. मुंबई इलाख्याच्या फौजेत रस असलेल्याने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. 66 च्या डब्यावर ‘तेरावे ड्यूक ऑफ कॉनॉट्स ओन लान्सर्स’ असं नाव असेल, तर तो डबा 1920 च्या दशकातल्या फेररचनेनंतरचा, कारण रेजिमेंटला तेरावा क्रमांक तेव्हा मिळाला. डबा जुना आणि आतल्या फिगर नव्या, किंवा उलट, ही जोडी बाजारात बरीच फिरते.

पायरी 5: खरेदी आणि पार्सल

पहिल्या वर्षी आठ ते बारा फिगर पुरे. ठरवलेल्या पैशांतले निम्मेच फिगरवर घाला. उरलेल्यात कपाट, भिंग आणि त्या युद्धाच्या गणवेशांवरचं एक चांगलं पुस्तक येऊ द्या. पुस्तक आधी घेतलं तर ते पहिल्याच चुकीच्या खरेदीत वसूल होतं.

परदेशी लिलावात बोलीच्या वर खरेदीदाराचं कमिशन लागतं, साधारण 20 ते 25 टक्के. भारतात मागवताना सीमाशुल्काचा वाईटात वाईट हिशोब आधी करा. 2023 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 70 टक्के झालं. पार्सल खेळणी म्हणून धरलं गेलं तर काय होईल ते पाहा: 100 पौंडांची बोली, 25 कमिशन, 30 टपाल व विमा, एकूण 155. त्यावर 70 टक्के म्हणजे 108.50. जीएसटीआधीच रक्कम 263 पौंडांच्या वर गेली. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं आहे. त्यामुळे पावतीवर ‘प्रौढ संग्राहकांसाठी, खेळणं नाही’ असं स्पष्ट आणि किंमत खरी लिहायला सांगा. मागवण्याच्या वेळी चालू दर तपासायला विसरू नका, ते बदलत राहतात. किंमत कमी दाखवायचा सल्ला देणारे विक्रेते भेटतील. पार्सल हरवलं तर विमाही तेवढ्याच किमतीचा मिळतो, हे त्यांना आठवून द्या.

पॅकिंगबद्दल विक्रेत्याला आधीच लिहा. प्रत्येक फिगर आम्लमुक्त टिश्यू कागदात, मग पांढऱ्या ईपीई (पॉलिथिलीनच्या) फोममध्ये. बबल रॅप थेट रंगावर नको: उन्हाळ्याच्या टपालगाडीत एनॅमल मऊ होतं आणि फुग्यांची गोल नक्षी कायमची उमटते. पिवळसर स्पंजही नको, काही वर्षांत त्याचा चिकट चुरा होतो. संगिनी आणि तलवारींवर दाब येईल असं काहीच घट्ट गुंडाळायचं नाही.

पायरी 6: कपाट

फिगर पडून जितक्या मोडतात त्याहून जास्त चुकीच्या कपाटात सडतात, म्हणून इथे घाई नको. शिशावर पांढरी भुकटी येते, ती शिशाच्या कार्बोनेटची. मूळ कारण दमट हवा एकटी नव्हे. लाकूड, एमडीएफ, प्लायवूड, पुठ्ठा, ताजा ऑइलपेंट, पांढरा सुतारी गोंद यांतून ॲसिटिक आम्लाची वाफ निघते. बंद जागेत ती साठते आणि दमटपणाच्या मदतीने शिसं खाते. लाकडांत ओक सर्वांत वाईट, पण निर्दोष असं कुठलंच नाही. म्हणजे आजोबांची बंद लाकडी शोकेस, दिसायला कितीही शोभली तरी, शिशासाठी धोक्याचीच.

काच आणि ॲल्युमिनियम किंवा पावडर-कोटिंग केलेलं स्टील, एवढंच वापरा. काचवाल्याला सांधे भरायला सांगताना न्यूट्रल सिलिकॉन मागा. नेहमीच्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, आणि तो वास म्हणजेच ॲसिटिक आम्ल. काम झाल्यावर दारं उघडी ठेवून निदान दोन आठवडे कपाट रिकामं राहू द्या. फळ्या 6 मिलिमीटर टफन्ड काचेच्या घ्या. पन्नास भरीव फिगरचं वजन सहज तीन-चार किलो होतं.

कपाट सुरक्षित आहे का हे मासेमारीच्या गळाच्या शिशाने तपासता येतं. हातमोजे घालून शिशाचा तुकडा ओल्या बारीक पॉलिशपेपरने घासून चकचकीत करा, पुसा, आणि रिकाम्या कपाटात महिनाभर ठेवा. नुसता करडा पडला तर ठीक. पांढरी साय धरली तर त्या कपाटात फिगर ठेवू नका.

आर्द्रता 40 ते 50 टक्के असावी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बाहेर 85-90 असते, तेव्हा डिजिटल हायग्रोमीटर आणि सिलिका जेल लागणारच. संग्रहालयांचा अंदाज घनमीटरला 20 किलो. 30 × 20 × 20 सेंटिमीटरच्या बंद पेटीला म्हणजे साधारण 240 ग्रॅम. नारिंगी रंगदर्शक दाणे घ्या. रंग बदलला की 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवा, मात्र स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. भुसा-लगद्याच्या एलास्टोलिन फिगरना फार कोरडी हवाही मानवत नाही, त्यांना 50 च्या आसपास ठेवा. ओलीत आतली तार गंजते, फुगते आणि पाय उभा चिरतो.

दिवे कपाटाबाहेर, एलईडी, आणि खिडकीचं ऊन नाही. उन्हाने रंग उडतात. फिगर फळीवर स्थिर ठेवायला तळाखाली मोहरीच्या दाण्याएवढं म्युझियम वॅक्स (वस्तू जागी धरून ठेवणारं, सहज निघणारं मेण) लावा. निळा चिकट पुटी-गोंद तेल सोडतो, सुपरग्लूच्या वाफेने आसपास पांढुरकं धुकं बसतं.

पायरी 7: हाताळणी, सफाई, आजारी फिगर

तळपट्टीला धरा, कधीच बंदुकीला किंवा घोड्याच्या पायाला नाही. सुती मोजे संगिनीत अडकतात, नायट्राइलचे बरे. जुन्या फिगरना हात लावल्यावर हात साबणाने धुवा. शिसं विषारी आहे आणि जुन्या रंगातही असतं, लहान मुलांच्या हाती यातलं काही देऊ नका. दिवाळीच्या किल्ल्यावर तर मुळीच मांडू नका: ओली माती, पणतीची धग आणि मुलांचे हात, तिन्ही एकदम. किल्ल्यासाठी मातीचे आणि प्लास्टरचे मावळेच योग्य, आणि तेही जमवण्याजोगे आहेत. दरवर्षी दोन-चार चांगले बाजूला काढले तर स्वस्तात स्वतंत्र फळी तयार होते. फक्त त्यांचा रंग बहुधा पाण्यात विरघळतो, ओलं फडकं लावू नका.

धूळ काढायला मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याचा रबरी फुगा. चिकट मळ असेल तर कापसाची काडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून पिळून, आधी तळाच्या कडेला लावून पाहा. रंग निघाला नाही तरच पुढे जा. थिनर, ॲसिटोन, धातूची पॉलिश यांना या कपाटाजवळ जागा नाही.

पांढरी भुकटी दिसली की ती फिगर त्याच दिवशी वेगळी करा. मास्क आणि हातमोजे घालून भुकटी ओलसर कापसाने टिपा, कोरड्या ब्रशने उडवू नका. कापूस पिशवीत बंद करून टाका. मग फिगरपेक्षा कपाट आणि डबा तपासा, कारण मूळ पुठ्ठ्याच्या डब्यात वर्षानुवर्षं ठेवलेले संच याच रोगाने जातात. डबा आणि फिगर वेगवेगळे ठेवायचे. व्हिनेगर किंवा लिंबाने घासायचा घरगुती उपाय कोणी सांगितला तर ऐकू नका, ते आम्लच आहे. वरून वार्निश मारलं तर सडणं थांबत नाही, ते फक्त दिसेनासं होतं.

पायरी 8: नोंदवही

प्रत्येक फिगरला क्रमांक द्या, पण तिच्यावर पेनाने लिहू नका. आम्लमुक्त कागदाचा तुकडा तळाखाली पुरेसा. नोंदीत कंपनी, संच क्रमांक, युद्ध आणि रेजिमेंट, माप, धातू, वजन, कुठून केव्हा कितीला घेतली, कोणती दुरुस्ती दिसली, आणि पाच फोटो: चार बाजू आणि तळ. वजन ग्रॅममध्ये लिहाच, पुढे संशय आला तर तुलनेला तेच उपयोगी पडतं. पावती जपून ठेवा, आणि विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट ‘विक्रेत्याचं म्हणणं’ अशा वेगळ्या रकान्यात लिहा, तुम्ही स्वतः पाहिलेलं वेगळ्या.